भरणा

फाइल आली मार्चच्या सव्वीस तारखेला.
बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत,
टेबलावर जांभ्याची लाल धूळ,
आणि मला काढायचं होतं पावसाचं बिल.

सर्व्हे नंबर एकशे बारा, वरचा सडा.
आठ हजार चारशे चौरस मीटर,
तीन विंगा, एक क्लब हाउस,
नावात ‘सागर’, समोर खाडी.
पर्जन्यजल निचरा आकार :
पाणी न मुरणाऱ्या जागेला मीटरमागे बासष्ट रुपये.
दर मी नोकरीला लागायच्या आधीचा.
ठरावाचा कागद पिवळा पडलाय,
सह्या करणाऱ्यांतले दोघे वारलेसुद्धा.

विकासक हातणकर खुर्चीत मागे रेलून म्हणाले,
‘कातळच आहे तो, मॅडम,
आधी तरी कुठं मुरत होतं?’

खरं होतं. मुरत नव्हतं.
पण थांबत होतं.
श्रावणात त्या सड्याच्या खळग्याखळग्यांत
घोट्याएवढं पाणी बसून राहायचं,
त्यात नखाएवढी निळी फुलं,
बोटाच्या पेराएवढे बेडूक,
आणि मग सावकाश, दिवेलागणीपर्यंत,
ते व्हाळाला उतरायचं.
आता वीस मिनिटांत उतरेल.
मी नमुना सहा उलटासुलटा पाहिला.
‘थांबणे’ असा रकाना त्यात नाही.

त्यांचे आर्किटेक्ट रेडीज म्हणाले,
पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत,
फटींतून पाणी मुरतं,
एकोणीसशे मीटर निम्मे पकडा.
म्हणजे अठ्ठावन्न हजार नऊशे कमी.

मी शिपायाला बादली घेऊन गाडीत बसवलं.
त्यांच्याच पहिल्या टप्प्यात, बी विंगच्या खाली,
भर दुपारी, वॉचमनच्या देखत,
ओतली.
पाण्यानं फटींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
उतार धरला, वळलं,
आणि रेडीजांच्या बुटांत शिरलं.
त्यांनी पाय उचलला, काही बोलले नाहीत.
(मे महिन्यात इथंच टँकर येतात, एकाआड एक दिवस.
आणि आषाढातली एक जोराची सर
तासाभरात शेहेचाळीस टँकर खाली पाठवील,
फुकट.)

साहजिकच पूर्ण आकार लागला.
तीन लाख एक्याऐंशी हजार तीनशे.
लेखापालांनी चलनावर शिक्का मारला,
शाई थोडी फाकली.

खिडकीशी परकारांची जुबेदाबी उभी,
घरपट्टी भरायला आलेली, खालच्या मोहल्ल्यातून.
तिचं घर उघाडीला लागून.
उघाडीची झडप भरतीला मिटते, ओहोटीला उघडते,
एवढंच तिचं काम,
आणि बिजागरी गंजल्यापासून तेही अर्धंच.
उधाणाच्या दिवशी पाऊस आला
की वरचं वर अडतं, खालचं आत येतं,
आणि मधे जुबेदाबीची चूल.

तिनं चलनाकडे मान तिरकी करून पाहिलं.
‘येवडे भरले त्यांनी?’
‘हो.’
‘बरा झाला. ते पैशे भरतात.
आमच्या घरात पानी भरतं.
दोनी भरलं, हिशेब मिळला.’

लेखापाल हसले. मला हसू आलं नाही.
गेल्या वर्षी हेच शीर्ष
जत्रेच्या मैदानातल्या दिव्यांकडे वर्ग झालं होतं;
टिपणीखाली माझी सही होती, लहान, कोपऱ्यात.

‘हे पैशे उघाडीपर्यंत कदी पोचतील?’
तिनं विचारलं, सहज, बसची वेळ विचारावी तसं.

पाण्याचं मला सांगता आलं असतं :
उतार अमुक, लांबी तमुक,
वीस मिनिटं, फार तर बावीस.

मी अभिप्रायाच्या जागेत लिहिलं,
‘उघाडीची झडप या रकमेतून प्रथम बदलावी.’
पेन थांबलं. ‘प्रथम’खाली रेघ मारली.
फाइल वर गेली.
आपल्या इथं वर गेलेलं खाली यायला
पाणीच असावं लागतं.

जुबेदाबीनं पावती घडी करून चोळीत खोचली,
सुटे सात रुपये दोनदा मोजले,
आणि दारातून मागे वळून म्हणाली,
‘तुमच्या जिन्याखाली ओल हाय, बघा.’